चांगुणाबाईचा शेंदूर

बोरखाडी हे किनाऱ्यावरच्या जुन्या रेल्वेचे सर्वांत लहान स्टेशन. कौलारू छप्पर, एकच फलाट, आणि फलाट संपला की लगेच अकरा कमानींचा दगडी पूल. खिडकीतून समुद्र पाहत आलेल्या प्रवाशांना कळत नाही की इथली प्रत्येक गाडी पुलाच्या तोंडाशी क्षणभर का थांबते आणि दोनदा शिटी का देते. वेळापत्रक याला ‘तांत्रिक थांबा’ म्हणते. स्टेशनाच्या भिंतीवरचा संगमरवरी फलक म्हणतो की हा पूल एका इंग्रज साहेबाच्या दूरदृष्टीतून उभा राहिला. फलक धादांत खोटा आहे. खरे ऐकायचे असेल तर कमळाकर तांडेलांना गाठावे. चाळीस वर्षे इथे सांधेवाल्याचे, म्हणजे गाडीचे रूळ बदलण्याचे, काम केलेले हे गृहस्थ आता पाहुण्यांना पुलाखालच्या काळ्या खडकाकडे नेतात.

ते सांगतात, रेल्वे येण्याआधी खाडीच्या तोंडाशी मांगेला मच्छीमारांचा तीस झोपड्यांचा पाडा होता. साहेब आला. एका संध्याकाळी त्याने भरतीचे पाणी खडकाच्या एका पायरीपर्यंत चढलेले पाहिले, तिथे चुन्याची रेघ मारली आणि हुकूम सोडला: खाडी भरावाने बुजवा, पाण्याला मधे दोन नळ पुरेत. वरच्या कातळावर चांगुणाबाई नावाची विधवा कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडत बसली होती. तिने म्हणे हात न थांबवता सांगितले, “साहेब, आज अष्टमी हाय. तुमी भांगाचं पानी मोजलं.”

भांगाच्या भरतीला जोर नसतो. खरे उधाण अमावास्या-पौर्णिमेला. किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेबाच्या पुस्तकात तिथ्याच नव्हत्या. खाडी बुजली असती तर आत पसरायला वाट न मिळालेले उधाण सरळ पाड्यावर चढले असते.

साहेबाच्या मजुरांचा मुकादम हसला. “बाय, कालवात मोती गावला काय? साहेबाला शिकवाया निघालीस.”

ओहोटी लागल्यावर चांगुणाबाई देवीपुढचा शेंदूर घेऊन आली, चुन्याच्या रेघेवर उभी राहिली आणि आपल्या गळ्याच्या उंचीवर खडकाला शेंदूर फासला. मग सर्वांसमक्ष नवस बोलली: अवसेचे पाणी इथवर आले नाही, तर भरावाची पहिली टोपली मी टाकीन; आणि ते येईपर्यंत ही पायरी सोडणार नाही. साहेबाने आठवडाभर काम थांबवले. मोठ्या मनाने नव्हे, हे तांडेल बजावून सांगतात. बाईची फजिती चारचौघांत व्हावी म्हणून.

अमावास्येला सकाळीच ती कालवांची टोपली घेऊन रेघेवर जाऊन उभी राहिली. काठावर सारा पाडा, मजूर, आणि घड्याळ हातात धरलेला साहेब. पाणी घोट्याला आले तेव्हाच चुना धुऊन गेला. कमरेला आले तेव्हा मुकादमाने मान वळवली. छातीला लागले तेव्हा साहेबाने होडी पाठवली. चांगुणाबाईने टोपलीनेच ती मागे लोटली. “शेंदूर ऱ्हायलाय अजून,” ती म्हणाली.

ऐन दुपारी पाणी शेंदराला लागले. वारा सुटला होता, तरी एकही लाट तिच्या ओठांपर्यंत चढली नाही, असे सांगतात. पाणी टेकले आणि तिथेच थांबले.

साहेब टोपी काढून बुटांसकट पाण्यात उतरला. पाण्याला किती दारे हवीत, असे त्याने दुभाष्याकरवी विचारले.

“अकरा,” चांगुणाबाई म्हणाली. “आन् गाडीला सांगा, इचारून जायचं.”

अकरा कमानींचा पूल झाला. पाड्यातली एकही झोपडी हलली नाही. पहिली गाडी आली तेव्हा ती पुलाच्या तोंडाशी थांबली, तिने दोनदा शिटी दिली, आणि खाडीतून चांगुणाबाईने टोपली उंच धरली. मगच चाके फिरली.

आजही शिटी झाली की खाडीत कालवे फोडणाऱ्या बायका टोपल्या उंच धरतात, आणि त्या दिसल्यावरच गाडी सुटते. मागे एकदा नव्या साहेबांनी हा थांबा रद्द करायचा कागद काढला होता. बायका टोपल्या घेऊन रुळांवर बसल्या. कागद तिसऱ्या दिवशी परत गेला. खडकावरचा शेंदूर त्या दर अवसेला नवा करतात. फलकावर कुणाचे नाव असायचे ते असो. अवसेची दुपार झाली की उधाणाचे पाणी बाईच्या खुणेपर्यंत चढते, तिला टेकते, आणि तिथूनच माघारी वळते.