विनायकशेटची मर्यादशील मुलगी

एका बाजारगावात विनायकशेट नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत. दुकान मोठे, बोलणे त्याहून मोठे. घागरीला नखाएवढा पोचा असला तरी तो त्यांना लांबून दिसे. खोट असलेला माल आपल्याकडून जात नाही, ही त्यांची ऐट होती आणि ती खरीही होती.

त्यांना एकच मुलगी, वैजयंता. घरी सगळे तिला वैजू म्हणत. पोर भारी बोलकी. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही थांबवून कविता म्हणून दाखवायची.

वैजू सात वर्षांची असताना तिच्या शाळेत दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मुलांची तोंडे तपासली आणि विनायकशेटना मुद्दाम बोलावून घेतले.

"हिचा वरचा जबडा अरुंद आहे," त्या म्हणाल्या. "पक्क्या दातांना जागा पुरणार नाही. अंगठा चोखायची सवयही सोडवायला हवी. आत्ता हाड वाढतंय, तोवर दातांना लहानशी तारेची पट्टी बसवली की बरंचसं काम होईल. उशीर करू नका."

शेट हसले. "अहो, दुधाचे दात ते! पडतील आणि नवे येतील. त्यात काय बघायचं?"

घरी बायकोने खोदून विचारले, तेव्हा मनातले खरे कारण बाहेर पडले. "पोरीच्या तोंडात तारा घालून तिला बाजारातून फिरवू? लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणतील, शेटच्या पोरीतच खोट आहे." शेटपुढे गप्प बसणे हा त्या घरातला जुना रिवाज होता.

दुधाचे दात पडले. नवे आले ते दाटीवाटीने, एकमेकांना रेटत. पुढचे ओठाबाहेर डोकावू लागले, सुळे भलतीकडेच उगवले. वर्गातल्या मुलांनी वैजूचे नाव 'किसणी' ठेवले. तिने घरी कुणाला सांगितले नाही. कविता म्हणणे तेवढे बंद झाले, आणि हसू आले की तिचा तळहात तोंडावर जाऊ लागला.

शेटना मात्र त्यात भलतेच दिसले. पाहुणे आले की ते कौतुकाने म्हणत, "बघा, आमची वैजू कधी दात काढून हसत नाही. याला म्हणतात वळण!" पाहुणे माना डोलावत. वैजू आणखी खाली बघे, आणि शेटना ती आणखीच मर्यादशील वाटे. सोयीचे असले की माणसाला काहीही खरे वाटते.

वैजू चौदा वर्षांची झाली. त्या वर्षी भाऊबीजेला शेटची बहीण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, रेवाला, घेऊन आली. रेवाच्या पुढच्या दातांवर तार होती. पंगत बसली. दोन-चार शेजारीही जेवायला होते. कुणीतरी थट्टा केली आणि रेवा तोंडभर हसली.

"रेवा, तोंड मीट!" शेट कडाडले. "चारचौघांत दात काय काढतेस? आमच्या वैजूकडून शीक जरा."

रेवाने घाबरून वैजूकडे पाहिले, आणि हळूच आपलाही तळहात तोंडावर नेला.

वैजू पंगतीला वाढत होती. ते बघून तिने भाताचे पातेले खाली ठेवले. "बाबा, तिला माझ्याकडून काही शिकायला सांगू नका."

"का गं? चांगलंच सांगतोय ना?"

"मी मर्यादेनं तोंड झाकत नाही. मला माझ्या दातांची लाज वाटते. वर्गात मला किसणी म्हणतात."

बोलताना तिने तोंडावर हात नेला नाही. इतक्या वर्षांत शेटनी आपल्या मुलीचे दात तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. पंगतीत सगळे पानाकडे बघत बसले. शेटना मेल्याहून मेल्यासारखे झाले. 'पोर आहे, काहीबाही बोलते,' एवढे म्हणून हसले असते तर वेळ निभावली असती. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेही होते. पण समोर रेवा अजून तोंड झाकून बसली होती.

"रेवा, हात काढ, बाळा. मामा चुकला," ते म्हणाले. मग मान खाली घालून सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "डॉक्टरीणबाईंनी वेळेवर सांगितलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून मीच गेलो नाही. माझी लाज माझ्या पोरीनं सोसली."

दिवाळी सरताच ते वैजूला घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई रागावल्या असत्या तर शेटना बरे वाटले असते. त्या रागावल्या नाहीत. "होईल नीट," त्या म्हणाल्या. "पण आता वेळ जास्त लागेल. जागा करायला दोन चांगले दात काढावे लागतील. तेव्हा आणलं असतं, तर कदाचित ते वाचले असते."

त्यांनी वैजूला खुर्चीत बसवले. "हं, आ कर."

वैजूने तोंड उघडले नाही. तिने वडिलांकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहेर बसता का?"

शेट निमूटपणे बाहेर आले. बाकावर सहा-सात वर्षांची पोरे आईबापांच्या मांडीवर बसली होती. शेजारच्या माणसाने सहज विचारले, "तुमचं केवढं?"

शेटना वाटले, काहीतरी सांगून मोकळे व्हावे. पण त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले.

"चौदा वर्षांची आहे," ते म्हणाले. "सातव्या वर्षी आणायला हवी होती."

तात्पर्य: मुलांच्या दातांवरचा इलाज लहानपणीच करावा. लोकलाजेपायी आईबाप जो उपाय टाळतात, त्याची लाज पुढे मुलाला बाळगावी लागते.