मागची सीट

लिहिण्यात चुका असतील, त्या सांभाळून घ्या. आठवीनंतर माझी शाळा सुटली. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, ते अजून नीट कळत नाही. शब्दही साधेच आहेत. जे झालं ते झालं तसं लिहितो. त्याचा अर्थ मात्र मला विचारू नका.

“काय कापायचंय?” वस्तादांनी विचारलं.

मी त्यांच्याकडं लोखंड कापायचा ग्राइंडर मागायला गेलो होतो. संध्याकाळ होत आली होती. ते ओसरीवर मेथी निवडत बसले होते.

“माझंच काम कापायचंय,” मी म्हणालो.

“मोठ्यानं बोल. इंजिनांनी कान खाल्लेत माझे.”

“माझंच काम कापायचंय!”

आतून चाची ओरडल्या, “हळू रे! गल्ली गोळा करतोस काय?”

वस्ताद हसले नाहीत. एक काडी मोडून बाजूला टाकली.

“बस. आधी निवड.”

मी बसलो.

दस्तगीर शिकलगार हे त्यांचं नाव, पण कुरुंदवाडात त्यांना सगळे वस्तादच म्हणतात. जुन्या मोटारसायकलींचा त्यांच्याएवढा जाणकार आमच्याकडं नाही. पाना कसा धरायचा ते मला त्यांनीच शिकवलं. ऐकू कमी यायला लागल्यावर त्यांनी गॅरेज बंद केलं आणि मी दुसरीकडं कामाला लागलो. पण वस्ताद ते वस्तादच.

“कुठली गाडी?” त्यांनी विचारलं.

“आण्णांची.”

त्यांचा हात जरा थांबला… मग परत चालू झाला.

आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची जुनी बुलेट होती. दर पौर्णिमेला ते आईला घेऊन बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला जायचे. मी पुढं टाकीवर, आई मागं, तिच्या मांडीवर देवापुढं वाहायच्या तांदळाचा डबा. आण्णा गेले आणि गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. पुराचं पाणी आलं तेव्हा ती सीटपर्यंत बुडाली. आईचं डोंगरावर जाणं बंद झालं. एसटीनं चल म्हटलं तर नको. पाहुण्यांच्या गाडीतून चल म्हटलं तरी नको.

एकदा म्हणाली, “त्यांची गाडी चालू झाली तर जाईन.”

तेवढ्या एका शब्दावर मी शेडमध्ये कामाला लागलो. गॅरेजातून आलो की शेड, सुट्टी असली की शेड. इंजिन उघडलं तर आत गाळाची वडी झाली होती. ते सगळं केलं. उद्या पौर्णिमा, म्हणून आज गाडी उजेडात काढली आणि आईला बोलावलं.

हे सगळं मी वस्तादांना सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागत होतं, त्यामुळं शेजाऱ्यांनाही कळलं.

“मग? काय म्हणाली वहिनी?”

“म्हणाली, ही काय त्यांची गाडी न्हवं.”

“आणि?”

“आणि आत गेली.”

वस्तादांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“कशी म्हणाली?”

“कशी म्हणजे? असंच. ही काय त्यांची गाडी न्हवं.”

“रागानं? रडत? का हसून?”

“…बघितलं नाही.”

“समोर उभी होती ना?”

“होती. पण मी टाकीकडं बघत होतो. उन्हात रंग कसा दिसतोय ते.”

वस्ताद माझ्याकडं बघत राहिले.  मी मेथीची पानं काड्यांत आणि काड्या पानांत टाकत होतो.

“तुझं नाव शीतल ठेवलंय,” ते म्हणाले, “आणि डोकं तापलंय सिलिंडरसारखं. चल, दाखव.”

“ग्राइंडर घेऊ?”

“चल म्हटलं ना.”

शेडमध्ये मी बल्ब लावला. गाडी स्टँडवर होती. खरं सांगतो, तिला बघून मला परत बरं वाटलं. वस्ताद भोवतीनं फिरले. मी मागं मागं फिरत सांगत होतो.

“रंग तोच आहे, वस्ताद. टूलबॉक्सच्या झाकणाला आतनं ऊन लागलं नव्हतं, तिथला मूळ मरून रंग बघून तसाच मिसळून घेतला. टाकीवरची पट्टी हातानं मारलीय, ब्रशनं. एका दमात.”

“हं.”

“टाकीचा पोचा आतनं ठोकून काढला. आता हात फिरवून बघा, कळत नाही.”

“हं.”

“आवाज ऐका.”

जुन्या बुलेटला करावं लागतं तसं आधी अँपिअरचा काटा मध्यावर आणला आणि एक किक मारली. एकाच किकमध्ये गाडी चालू झाली. वस्तादांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. ते असंच ऐकतात. डोळे मिटले. 

त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

“चोख आहे.”

वस्तादांकडून हा शब्द मी आजवर ऐकला नव्हता. दुसऱ्या कुठल्या दिवशी ऐकला असता तर उडी मारली असती. आज रडूच यायला लागलं.

“मग माझं चुकलं कुठं?”

“तुला कुठं वाटतं?”

“मागं,” मी म्हणालो.

मागचं तेवढं मी माझ्या मनानं केलं होतं. आण्णांच्या गाडीची मागची सीट अरुंद होती. आई एका बाजूला पाय सोडून बसायची. तिचा एक पाय टेकायचा, दुसरा लोंबायचा. डोंगर येईपर्यंत गुडघा बधिर व्हायचा. उतरल्यावर आण्णांचा खांदा धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहायची. म्हणून मी सीट रुंद केली. धरायला कडी बसवली. दोन्ही पाय टेकतील असा लेडीज फूटरेस्ट घडवून घेतला, त्याला लोखंडी जाळी लावली, साडी चाकात जाऊ नये म्हणून.

“आण्णांच्या गाडीला ह्यातलं काहीच नव्हतं,” मी म्हणालो. “म्हणून तिला ती परकी वाटली. हे सगळं कापून टाकतो. जुनी सीट पोत्यात आहे, ती घासूनपुसून लावतो. मग ती आण्णांचीच होईल. होईल ना, वस्ताद?”

वस्ताद कडी हलवून बघत होते.

“उद्या पौर्णिमा आहे,” मी म्हणालो. “आत्ता कापलं तर सकाळपर्यंत होईल. नाही झालं तर ती परत कधीच…”



वस्तादांनी बल्बकडं बघितलं, मग गाडीकडं.

“पहिली फेरी झाली?”

“नाही. तुमच्यासाठी ठेवलीय.”

आमच्या धंद्यात पहिली फेरी वस्तादाची असते. इंजिन उघडून जोडलेली गाडी आधी वस्ताद चालवतो, आणि ज्यानं जोडली तो पोरगा मागं बसतो. काही राहिलं असेल तर ते वस्तादाच्या हाताला कळतं. मी हँडल सरळ करून गाडी त्यांच्या पुढं धरली.

वस्ताद पुढं आलेच नाहीत. ते वळसा घालून मागं गेले. लुंगी सावरली. फूटरेस्टवर एक पाय ठेवला आणि आईसारखे एका बाजूला पाय सोडून मागच्या सीटवर बसले. दोन्ही पाय जोडून. एक हात कडीवर. दुसऱ्या हातात, मांडीवर, निवडलेल्या मेथीचं पुडकं. ते त्यांनी बरोबर आणलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

“वस्ताद, असं काय?”

“चालव.”

“पण पहिली फेरी तुमची…”

“माझीच आहे. चालव.”

मी गाडी बाहेर काढली.

पांढऱ्या दाढीचा माणूस बायकांसारखा बसलाय म्हटल्यावर पेठेत काय होणार? पानपट्टीवरचा महावीर ओरडला, “वस्ताद, माहेरी निघालात काय?”

“व्हय रे बाबा!” वस्ताद मागनं म्हणाले. “सासरचे लई छळतात!”

सगळे हसले. माझे कान तापले. मी गाडी पळवली, तर पहिल्याच खड्ड्यात मागनं वस्तादांचा हात माझ्या खांद्यावर आपटला. मी वेग कमी केला. ह्याच रस्त्यानं मी रोज जातो. इतके खड्डे आहेत हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याआधी मी मान वळवून बघत होतो. लुंगी जाळीत नाही ना? कडी धरलीय ना? पडले तर चाची मला सोडतील का?

गावाबाहेर नाक्याला रस्ता फुटतो. एक बाहुबलीकडं जातो, दुसरा फिरून परत पेठेत.

“कुठं वळू?” मी ओरडलो.



मी गाडी थांबवली आणि मागं वळून त्यांच्या कानाशी म्हणालो, “वस्ताद, कुठं वळू?”

“मघाशीच ऐकलं मी.”

“मग?”

“मला काय विचारतोस? मी मागं बसलोय.”

मी तसाच उभा राहिलो. उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत बाजूनं गेला… मला काही ठरवता येईना. शेवटी मी परत पेठेकडं वळलो.

शेडपाशी आल्यावर वस्ताद सावकाश उतरले. उतरल्यावर माझा खांदा धरून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले,

“टॅपेटचा आवाज येत होता?”

टॅपेट सैल असलं की इंजिन टकटकतं. मी आठवून बघितलं. नवीन बांधलेलं इंजिन, पहिली फेरी. ते कसं वाजतं हे ऐकायला मी इतके दिवस वाट बघितली होती.

“…लक्ष नव्हतं.”

“हं.”

“म्हणजे येत होता काय?”

वस्तादांनी लुंगीवरचं मेथीचं पान झटकलं.

“फूटरेस्ट बोटभर वर घे,” ते म्हणाले.

“वर घे? वस्ताद, मी तो कापणार आहे.”

“काय करणार?”

“कापणार आहे! ग्राइंडर द्या म्हटलं ना मघाशी!”

“ऐकू येत नाही रे मला.”

“आत्ता तर नाक्यावर…”

ते चालायला लागले होते. मी पुढं जाऊन आडवा उभा राहिलो. मी कधी कुणाला आडवा जात नाही. कुठनं बळ आलं माहीत नाही.

“ती म्हणाली ही आण्णांची गाडी नाही. ते तरी सांगा, बरोबर आहे का तिचं?”

“बरोबर आहे.”

“मग ती कशी बसेल?”

वस्ताद जरा थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवतील असं वाटलं. त्यांनी मेथीचं पुडकं माझ्या हातात दिलं.

“वहिनीला दे. सांग, निवडलेली आहे.”

आणि गेले.

मी पुडकं आईला दिलं. ती चुलीपाशी होती. पाठमोरीच म्हणाली, “एवढी कुणी निवडली?” मी म्हणालो, वस्तादांनी. थोडी मी. तिनं मेथी धुवायला घेतली.  गाडीचा विषय तिनं काढला नाही आणि मला काढता आला नाही. रात्री शेडच्या कोपऱ्यात जुन्या सीटचं पोतं दिसत होतं आणि ग्राइंडर नव्हता.

सकाळी उठलो तेव्हा आईची आंघोळ झाली होती. ती ओसरीवर बसून डब्यात तांदूळ भरत होती. कशाला, ते मी विचारलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. ह्या वेळी मी पण बघितलं, पण तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. रागावलेली नव्हती एवढं नक्की.

मी शेडमध्ये गेलो. पाना घेतला. फूटरेस्टचा क्लॅम्प सैल केला, वर सरकवायला बोट लावलं आणि अडकलो. माझं बोट बारीक आहे. वस्तादांचं जाड, पाना धरून धरून चपटं झालेलं. दोघांत बराच फरक पडतो.

पाना हातात घेऊन मी तसाच त्यांच्या घरी पळालो. ते दारातल्या नळावर चूळ भरत होते.

“वस्ताद, बोटभर म्हणजे तुमच्या बोटानं, का माझ्या?”

त्यांनी चूळ टाकली. तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या पान्याकडं बघितलं…

“मला काय विचारतोस?” ते म्हणाले. “मी कालच उतरलो.”