टाचेचं हाड

“पण बाई, बाकीचं सगळं हाड बरोबर आहे. मग एकाच जागी का बिघडावं?”

मुकुल रिसबूड तिसऱ्यांदा विचारत होता. कुमुदबाई आलं धूत होत्या.

बाईंनी तीस वर्षं एकच काम केलं. वेड्यावाकड्या वस्तूची आकृती संगणकावर घ्यायची आणि विटांसारख्या सहा बाजूंच्या तुकड्यांत फोडायची. मग ती वस्तू कुठे मोडेल, याचं गणित मांडता येतं. चीर कुठे द्यायची ते बाई दाखवीत, संगणक तुकडे पाडी. बाई पाहत, पुन्हा दाखवीत.

मुकुल त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढे हे हातकाम त्याला कमीपणाचं वाटू लागलं. त्याने लिहिलेला प्रोग्रॅम कुणालाच काही विचारत नसे. त्या बाबतीत प्रोग्रॅम मालकावर गेला होता.

परवा त्याच प्रोग्रॅमवरच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा. आणि प्रोग्रॅमने फोडलेल्या टाचेच्या हाडात, खोबणीखाली, एकेचाळीस तुकडे उलटे पडलेले. उलट्या तुकड्यांवर गणित चालत नाही.

“तेवढे एकेचाळीस बसवून द्या, बाई. बाकीच्याला धक्का नको.”

“बाकीचं छान झालंय?”

“अप्रतिम.”

बाईंनी आल्याचा तुकडा आणि सुरी त्याच्यापुढे सरकवली.

“हे तुझं हाड समज. नियम तोच. प्रत्येक तुकड्याची बाजू शेजाऱ्याच्या बाजूवर पुरती बसली पाहिजे. या बेचक्यात काप.”

मुकुलने कापलं. बेचकं संपलं, पुढे सरळ, गुळगुळीत भाग लागला. त्याचा हात थांबला.

“का रे?”

“एवढंच कापायचं होतं.”

“मग झालं की.”

त्याने आलं फिरवून चिरेचं टोक पाहिलं.

“नाही झालं. चीर मध्येच संपली. पुढच्या तुकड्याला सातवी बाजू फुटली.”

“मग?”

“पार त्या टोकापर्यंत न्यावी लागेल.” त्याचा आवाज चढला. “पण तिथे काही बिघडलेलंच नाही, बाई! आठ महिने घातलेत मी त्यात.”

“दिसतंय.”

“आणि चिरा मीच दाखवायच्या, तर प्रोग्रॅमने एकट्याने केलं असं परवा कुठल्या तोंडाने सांगू?”

बाई उरलेलं आलं धुऊ लागल्या.

शेवटी मुकुलने लॅपटॉप उघडला. हाडाची आकृती सावकाश फिरवली. उलटे तुकडे लाल दिसत होते.

“कुठून सुरुवात करू?”

बाईंनी ओलं बोट पदराला पुसलं आणि लालपासून दूर, स्वच्छ भागावर टेकवलं.

“जिथे तुझं काहीच चुकलेलं नाही, तिथून.”