'ह.' पुढची कोरी जागा

एकदा एका वृद्ध मुनीमजींकडे एक शिष्य हिशेब शिकत होता. त्याचा हात चलाख, आणि त्या हाताचा गर्वही तेवढाच. 'ह.' म्हणजे 'हस्ते'. रक्कम ज्याने आणून दिली त्याचे नाव त्यापुढे लिहायचे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेले. पण हमाल-मोलकरणींच्या नावांवर शाई कशाला घालवायची? हा पठ्ठ्या नुसतेच 'ह.' लिहून पुढे सरके.

एके सकाळी एक व्यापारी तणतणत पेढीवर आला. मागे त्याचा भाचा आणि दुकान झाडणारी गिरजा. आदल्या दिवशी त्याने दोघांबरोबर सारखीच रक्कम धाडली होती. वहीत जमा मात्र एकच होती.

"ती मी आणलेली," भाचा म्हणाला.

"म्हणजे हीच चोर!" व्यापारी भर पेठेत ओरडला.

गिरजा संतापली. शिष्याकडे बोट करून ती म्हणाली, "याच्याच हातात पैसे दिले मी. नाव लिहा म्हटलं, तर हसला हा!"

शिष्याला सारे आठवत होते. पण बोलावे तर स्वतःची चूक उघडी पडणार. तो वहीत डोके खुपसून बसला.

मुनीमजींनी ती नोंद पाहिली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी शिष्याचा हात खेचला, तळव्यावर दौत उपडी केली आणि 'ह.' पुढच्या कोऱ्या जागेवर तो हात दाबला. पान पार नासले.

"हे अक्षर काय शोभेला आहे?" मुनीमजी कडाडले. "पैसा आपणहून चालत येत नाही. कुणीतरी तो उन्हातान्हातून जपून आणतो. त्या माणसाची साक्ष राहावी म्हणून 'हस्ते' लिहितात. घाईघाईत त्याचं 'ह.' झालं, ते चाललं. तू तर माणूसच गाळलास! बोल, कुणाचा हात होता?"

"गिरजाबाईंचा," शिष्य कसाबसा म्हणाला. "भाच्यानं काहीच आणलं नव्हतं."

भाच्याची मान खाली गेली. व्यापारी पुटपुटला, "बरं बाई, झालं गेलं विसरून जा."

"का विसरू?" गिरजा उसळली. "चोर म्हणताना केवढा आवाज होता! आता माझं नाव लिहा, आणि तेवढ्याच आवाजात वाचा."

शिष्याने नवे पान उघडले. "पूर्ण नाव काय तुमचं?" त्याने आयुष्यात पहिल्यांदाच असे कुणाला विचारले.

मग तो पेढीच्या पायरीवर उभा राहिला आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल असे त्याने वाचले, "हस्ते, गिरजा बहिरू कोळपे."