सांगीचा धोंडा

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी मी तुम्हाला ज्या धोंड्यावर हात ठेवायला लावला, त्याला सांगीचा धोंडा म्हणतात. तिथूनच दोन वाटा फुटतात. डावीकडची नाळेची, म्हणजे दोन कड्यांमधल्या दगडगोट्यांच्या उभ्या घळीतली. उजवीकडचा बैलघाट, लांबचा पण सोपा. वर जाणाऱ्यानं धोंड्यावर हात ठेवून मोठ्यानं सांगायचं, कुठल्या वाटेनं चढणार, तंबू कुठं टाकणार, कुठल्या वाटेनं उतरणार. आणि सांगितलं तसंच करायचं. तुम्ही हसत हसत सांगितलंत. हसा, माझी काही हरकत नाही. मी धाकलू झोरे, या पठारावर म्हशी राखण्यात माझा जन्म गेला, आणि मीही तिथं हात ठेवल्याशिवाय पाऊल उचलत नाही. मला भीती वाटते, हे सांगायला मला लाज नाही.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा या पठारावर आमच्या गवळी धनगरांची वस्ती होती. तिथं नावजी नावाचा गडी आणि त्याची बायको ठकू राहायची. खाली कोकणात तूप पोचवायला माणूस उतरला, की परत कुठल्या वाटेनं येणार ते घरी सांगून जायचा. धुक्यात त्याला उशीर झाला, तर घरच्यांनी काटक्यांची चूड पेटवून त्याच वाटेवर त्याला शोधायला जायचं, अशी रीत होती. तुम्ही लोक महिना महिना ट्रेकची आखणी करता, आमची आखणी एवढीच.

नावजी 'नाळेनं येतो' म्हणून गेला. परतताना मात्र पायथ्याशी त्याला बैलांचा तांडा भेटला. ओळखीची माणसं निघाली, तंबाखू निघाली, आणि बोलत बोलत तो त्यांच्याबरोबर बैलघाटाला लागला. यात काय एवढं, असं त्याला वाटलं असणार. कुणालाही वाटलं असतं.

इकडे पठारावर दुपारीच धुकं उतरलं. ठकूनं बराच वेळ वाट पाहिली, मग चूड पेटवली आणि निघाली. धुकं जरा विरळ होऊ दे, म्हणून शेजारणींनी तिला अडवलं. तेव्हा तिनं म्हणे घाटजाई देवीच्या ठाण्यासमोर शपथ घेतली, की कारभाऱ्याला बरोबर घेतल्याशिवाय मी परत घराचा उंबरा ओलांडणार नाही. आणि ती नाळेत उतरली.

नावजी तिन्हीसांजेला घरी पोचला, तर चूल पेटलेली, भाकरी झाकून ठेवलेली, आणि घरात कोणी नाही. शेजारणीनं सांगितलं तसा तो नाळेच्या तोंडाशी धावला आणि हाका मारू लागला. खालून ठकूचा आवाज आला, "आले." त्याचा जीव भांड्यात पडला. चुडीचा उजेड दगडगोट्यांतून वर चढत आला आणि त्याच्या पुढ्यात थांबला. तिनं चूड त्याच्या तोंडाजवळ धरली, निरखून पाहिलं आणि विचारलं,

"आमचं कारभारी नाळंनं येनार हायती. तुम्ही कोन?"

त्यानं आपलं नाव सांगितलं, तिचा हात धरायला गेला. हाताला नुसतं गार धुकं लागलं. उजेड वळला आणि आला तसा खाली उतरत गेला.

सकाळी ठकू नाळेत एका कड्याखाली सापडली. शेजारी चूड पडली होती, भिजून विझलेली, टोकाशी जेमतेम जळलेली. म्हणजे नाळेत उतरताच तिचा पाय सरकला होता. नावजीनं हाक मारली, तेव्हा ओ द्यायला ती जिवंत नव्हतीच.

असं सांगतात, की नावजीनं मग वस्ती सोडली. पायथ्याशी हा धोंडा त्यानंच उभा केला. धुकं उतरलं की त्यावर हात ठेवून तो 'नाळेनं येतो' म्हणायचा आणि नाळ चढायचा. निदान आता शब्द पाळला तर ती ओळखेल, अशी त्याची आशा. दर वेळी उजेड भेटायचा, आणि दर वेळी ती चूड तोंडाशी धरून तेच विचारायची. तिला त्या एका संध्याकाळी नाळेनं येणारा माणूस हवा होता, आणि त्या संध्याकाळी तो आलाच नव्हता. पाय थकल्यावर नावजी धोंड्यापाशीच बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट विचारायचा आणि म्हणायचा, "सांगाल त्याच वाटंनं जावा. कुनीतरी शोधाया निघतं." तिथंच तो गेला.

ठकू मात्र अजून शोधते आहे. सांगितलेली वाट मोडणारा माणूस धुक्यात तिला बरोबर दिसतो म्हणे. मग तो कुठल्याही वाटेवर असो, ती येते, चूड त्याच्या तोंडाशी धरते आणि म्हणते, चला संगं, खाली बघून येऊ. नको म्हणायचं ठरवलं तरी पाय तिच्यामागं जातात. माझा थोरला चुलता असाच गेला. तो सापडला त्याच कड्याखाली. त्याच्या भुवया जळलेल्या होत्या. मी पाहिल्या आहेत.

आजही धुक्यात या पठारावर कोणी कोणाला हाक मारत नाही. तंबूचं दार नाळेकडे करत नाहीत. वाट बदलायचीच असेल, तर माणूस धोंड्यापाशी परत जातो, हात ठेवून नवी वाट सांगतो, आणि मगच चढतो.

सकाळी तुमच्या कौस्तुभनं सगळ्यांबरोबर 'नाळेनं' असंच सांगितलं होतं. गुडघा दुखतो म्हणून तो मोबाइलमधला नकाशा बघत मधूनच आडवाटेनं बैलघाटाकडे वळला, हे तुम्ही मला आत्ता, धुकं उतरल्यावर सांगता. म्हणून ही गोष्ट मला सांगावी लागली. माझा भाऊ बैलघाटानं त्याला बघायला खाली गेला आहे, बैलघाटानंच उतरणार असं धोंड्यावर सांगून तो सकाळी चढला होता. तोवर तुम्ही आत बसा आणि तंबूची चेन लावून घ्या. कौस्तुभ आला तर बैलघाटाकडून, तुमच्या पाठीमागून येईल. नाळेकडून कोणी 'आलो' म्हणालं, तर ओ देऊ नका. आवाज अगदी त्याचाच असला तरी देऊ नका.