दुसऱ्या पिस्टनचा रुसवा

इंजिनं बोलायची, त्या काळची गोष्ट. एका पिकअपच्या इंजिनात चार पिस्टनभाऊ होते. आधी थोरला, मग तिसरा, चौथा आणि शेवटी दुसरा, अशी त्यांची जोर लावायची पाळी होती.

एकदा गाडीत तापाने फणफणलेलं बाळ होतं. ऐन घाटात दुसरा फुगून बसला. “धाकटे माझ्या आधी? मी नाही जोर लावत.”

गाडी आचके देत मागे सरकू लागली. बाळाच्या आईने त्याला छातीशी घट्ट धरलं.

चौघांना कडेवर घेऊन फिरणारी क्रँकआई, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणाली, “अरे दीडशहाण्या, गोल फिरणाऱ्या पाळीत कसला शेवटचा? तुझ्यामागून थोरला येतो. तो कधी रुसला?”

दुसऱ्याने जोर लावला आणि गाडी घाट चढली.

दवाखान्याशी तो कौतुकाची वाट बघत राहिला. आई बाळाला घेऊन केव्हाच आत धावली होती.