चकचकीत पाटे

गाड्यांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. सगुणा नावाची एक पिकअप होती. ओढा ओलांडताना दगडांनी तिचं पोट खरवडून निघायचं, म्हणून उंची वाढवायला ती घाटाखालच्या भंगाराच्या शेडमध्ये गेली.

तिथे चिटपाखरू नव्हतं. वारा पडला होता, तरी आढ्याला टांगलेले, गाडीला उंच उचलून धरणारे स्प्रिंगचे पाटे हळूहळू हलत होते.

"आम्हाला लाव," त्यातले चकचकीत पाटे म्हणाले. "वीतभर उंच होशील. घाटात सगळ्या तुझ्याकडे मान वर करून बघतील."

कोपऱ्यातले पाटे दोनच बोटं उंची देणारे, गंजलेले.

सगुणाचा जीव चकाकीवर जडला होता. तरी तिनं विचारलं, "तुम्हीही जुनेच ना? मग गंज कसा नाही?"

"गंज चढायला वर्षं लागतात, बाई," ते मायेनं म्हणाले. "आम्ही त्याआधीच दरीतून परत येतो."

सगुणाचं इंजिन गार पडलं. तिनं मुकाट्यानं कोपऱ्यातले गंजके पाटे लावून घेतले.

"ये हो," चकचकीत पाटे म्हणाले. "तुझ्यामागे तिघी उभ्या आहेत."

सगुणानं आरशात पाहिलं. तिन्ही गाड्यांचे दिवे त्या चकाकीवर खिळले होते. तिनं जोरात हॉर्न वाजवला. एकीनंही वळून पाहिलं नाही.